केशरी कार्ड, योजनेचा फलक आणि वर चाळीस हजार डिपॉझिट: सोलापूरकरांनो, जन आरोग्य योजनेचे अनुभव सांगा

अक्कलकोट रोड (१३ जानेवारी २०२५, रात्री ९:१२)

गड्ड्याच्या जत्रेच्या धामधुमीत दवाखान्याचा धागा काढतोय, पण विषय थांबणारा नाही.

आमची आत्या, वय ५८, कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. जन्मभर विड्या वळल्या. गेले काही आठवडे जिना चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायचं, तर ही पित्त समजून सोडा पीत राहिली. शेवटी धरून नेली, अँजिओग्राफी झाली. एका नळीत मोठा ब्लॉक निघाला. अँजिओप्लास्टी करा म्हणालेत, म्हणजे आत जाळी (स्टेंट) बसवून नळी उघडायची. आजच्या आज असं नाही, पण लांबवू नका म्हणून सांगितलंय.

कार्ड केशरी. जिथं अँजिओग्राफी केली तिथं दारातच महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फलक आहे. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "योजनेत होईल की, पण वरचे चाळीस हजार डिपॉझिट भरा, चांगला स्टेंट टाकू." दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, कुणी विचारू पण नका.

दुसरी भानगड: रेशनकार्डावर आत्याचं नाव 'बाई' लावून आहे, आधारवर 'अम्मा' लावून. पूर्व भागातल्या तेलुगू मंडळींना हा घोळ चांगला माहीत असेल. कार्डाचे कुटुंबप्रमुख म्हणजे तिचे सासरे, ते वारून किती वर्षं झाली.

तर हे वरचे पैसे नियमात बसतात का? नावामुळे अडेल का? आणि आयुष्मान कार्ड ते वेगळं की हेच? आत्याकडे ते नाही.

हुरडा पार्टी (९:३०)

मालक, पैसे भरू नका. बाकीचं जाणकार सांगतील, पण आधी पैसे भरू नका. एकदा पावती फाडली की तुम्ही रोखीचे पेशंट झालात.

शेंगाचटणी (१०:०५)

मी काही वर्षं आरोग्यमित्र होते, म्हणजे दवाखान्यात योजनेचं टेबल सांभाळायचे, आपल्याच जिल्ह्यात. आता ते काम सोडलंय, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयानं मंजूर उपचारासाठी पेशंटकडून काहीही घ्यायचं नाही. डिपॉझिट नाही, फरक नाही, 'चांगल्या मालाचे' वेगळे नाहीत. पॅकेजमध्ये खाट, नर्सिंग, डॉक्टरांची फी, भूल, थिएटर, तपासण्या, औषधं, आत बसवायचं साहित्य आणि पेशंटचं जेवण सगळं धरलेलं असतं. घरी परतायचं एसटीचं भाडंसुद्धा त्यात आहे. हे ऐकून लोक हसतात आणि म्हणूनच कुणी मागत नाही. स्टेंट हा साहित्यात येतो. त्याच्या कमाल किमतीही केंद्रानं फेब्रुवारी २०१७ पासून बांधून दिल्यात, त्यामुळे लाख-लाखाच्या स्टेंटच्या गोष्टी आता जुन्या झाल्या. पॅकेजमध्ये कोणता स्टेंट आहे ते मंजुरीच्या कागदावरच बघून घ्या.

पण दादा, तुम्ही विचारलंत ते बिलिंगच्या काउंटरवर ना? तिथं योजनेचं विचारायचंच नाही. दवाखान्यात आरोग्यमित्राचं वेगळं टेबल असतं. कधी ते दर्शनी जागी असतं, कधी लिफ्टच्या मागे कोपऱ्यात, पण असतं. आरोग्यमित्र दवाखान्याच्या पगारावर नसतो. त्याच्याकडे आधी नोंदणी होते, मग डॉक्टर रिपोर्ट आणि अँजिओग्राफीची सीडी जोडून ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतात. साधारण दिवसभरात उत्तर येतं, शंका काढली तर जास्त वेळ जातो. अर्ध्या रात्री झटका आलेला असेल तर फोनवर कळवून तातडीची मंजुरी घेता येते, कागद मागून द्यायचे. आत्यांचं तसं नाही, त्यामुळे तुमच्या हातात वेळ आहे. हा वेळ कागदांना द्या.

आणि ही योजना आधी भरा, मग परत घ्या अशी नाही. नोंदणीआधी स्वतः केलेला खर्च परत मिळत नाही. अँजिओग्राफीचे दिलेत ते गेले असं धरून चाला.

नावाचं उद्या सविस्तर लिहिते, डोळे मिटायलेत.

कंबर तलाव (१०:४८)

थोडा इतिहास, कारण तरुण मंडळींना वाटतं हे सगळं परवा सुरू झालं. ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावानं २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत आली आणि त्या आठांत आपलं सोलापूर होतं. गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे हे बाकीचे. पुण्याला आपल्यानंतर मिळाली, म्हणजे एका बाबतीत तरी आपण पुण्याच्या पुढे होतो. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि ९७१ उपचार असा हिशेब होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर झाली. २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव आलं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची, पण ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीतल्या घरांपुरती. २०२० पासून दोन्ही एकत्र राबवतात.

त्यातून मधली काही वर्षं गंमत झाली. शेजारी शेजारी दोन केशरी कार्डं, एकाला पाच लाख आणि दुसऱ्याला दीड लाख, कारण २०११ ला मोजणीवाला एकाच्या घरी आला तेव्हा दुसरा यंत्रमागावर कामाला होता. तुळजापूरचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी सातबारा दाखवून योजनेत बसायचा, कारण धाराशिव आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत मोडतं. तामलवाडीच्या अलीकडचा आपला पांढऱ्या कार्डाचा शेतकरी बसायचा नाही. १ जुलै २०२४ पासून हे मिटलं. आता पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाख, उपचार १३५६, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाख.

आयुष्मान कार्ड नसलं तरी केशरी कार्ड आणि आधारवर आत्यांचं काम व्हायला हवं.

मिल कामगाराचा नातू (१४ जानेवारी, सकाळी ७:२०)

सगळं वाचलं. तळाचा प्रश्न कुणी विचारत नाही. विडी वळणाऱ्या बाईनं पूर्वमंजुरी, पॅकेज, आरोग्यमित्राचं टेबल हे सगळं का शिकायचं? सिव्हिलमध्येच अँजिओप्लास्टीची कॅथलॅब, डॉक्टर, औषधं पुरेशी ठेवली असती तर खासगीच्या दारात कार्ड घेऊन उभं राहायची वेळ आली नसती. सरकारचा पैसा फिरून खासगीच्याच गल्ल्यात जातो. आणि हाच खासगीवाला वर चाळीस हजार मागतो.

विडी कामगारांसाठी वेगळा कल्याण निधी होता, १९७६ चा कायदा. विडीवर उपकर बसायचा, त्यातून दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. दवाखान्याच्या पाट्या राहिल्या. आता कार्ड घ्या आणि पळा.

गोळी सकाळ-संध्याकाळ (८:०२)

मी डॉक्टर आहे, यादीतल्या एका छोट्या रुग्णालयात आठ वर्षं काम केलं. नातूसाहेबांशी अर्धा सहमत.

वरचे पैसे घेणं चूक, त्यात पण-बिण नाही. पण ते का मागतात हे कळलं नाही तर ते थांबणारही नाही. पॅकेजचे दर ठरवतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. दरम्यान नर्सचा पगार, ऑक्सिजन, वीज, ग्लोव्हज सगळं वाढतं. सरळ जाणाऱ्या केसमध्ये भागतं. पेशंट आयसीयूत लांबला, साखर साडेचारशे निघाली, मूत्रपिंडानं मान टाकली, की पॅकेज संपतं आणि पेशंट अजून व्हेंटिलेटरवर असतो. क्लेम पाठवला की शंका येते, अमुक फोटो नाही, तमुक चार्टवर सही नाही. पैसे महिनोन्महिने अडकतात. मोठ्या रुग्णालयाला रोखीचे पेशंट असतात, त्याचं भागतं. छोटं एक तर यादीतून बाहेर पडतं किंवा असल्या आडवाटेला लागतं. आडवाटेचं समर्थन करत नाही, वाट दाखवतोय.

सिव्हिलबद्दल एक दुरुस्ती. ही योजना सरकारी रुग्णालयातही चालते आणि क्लेमचे पैसे त्या रुग्णालयाला मिळतात. काही शस्त्रक्रिया तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, त्या खासगीत योजनेतून होतच नाहीत. म्हणून पेशंट सिव्हिलला गेला तरी कार्ड दाखवावंच. पुष्कळ जण म्हणतात, "सरकारीच आहे, कार्ड कशाला?" अहो, तुमच्या नावानं रुग्णालयाला पैसे आले तर बाहेरून इम्प्लांट आणायची चिठ्ठी तुमच्या हातात पडत नाही.

मिल कामगाराचा नातू (८:२५)

म्हणजे सरकारी रुग्णालयानं पण क्लेम करून पोट भरायचं. बजेट कशाला असतं मग?

गोळी सकाळ-संध्याकाळ (८:३१)

बजेटवर वेगळा धागा काढा, मी येतो. इथं एका बाईची नळी बंद आहे.

शेंगाचटणी (११:४०)

भोगी-संक्रांतीच्या धावपळीत उशीर झाला. तीळगूळ घ्या सगळे.

नावाबद्दल. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ कशात जायचा? आजारात नाही, नावात. योजनेचं सगळं रेशनकार्डाच्या ऑनलाइन नोंदीवर उभं आहे. पेटीत जपून ठेवलेलं कागदी कार्ड कितीही जुनं असो, बारा अंकी नंबर टाकल्यावर संगणकावर कुटुंब दिसलं पाहिजे आणि त्यात पेशंट दिसला पाहिजे. पूर्व भागात तेलुगू घरांत ठरलेला प्रकार: रेशन दुकानदारानं ऐकलं तसं मराठीत लिहिलं, आधारवाल्यानं इंग्रजीत टाकलं, त्याचं यंत्रानं परत मराठी केलं. आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, सासरच्यात चढलेलं नसतं. घरात भांडण झालं म्हणून धाकट्यानं कार्ड वेगळं केलं आणि म्हातारी कुणाच्याच कार्डात राहिली नाही, असंही बघितलंय.

'बाई' आणि 'अम्मा' एवढाच फरक असेल, वय, पत्ता, नवऱ्याचं नाव जुळत असेल आणि रेशन दुकानात तिचं आधार जोडलेलं असेल, तर बहुतेक वेळा निभतं. दुकानात तिचा अंगठा लागतो का? लागत असेल तर अर्धं काम झालं. कुटुंबप्रमुख वारलेत म्हणून उपचार अडत नाहीत, पण ते नाव कमी करून घ्या, नाहीतर पुढं सगळीकडे तेच निघत राहील. पूर्ण नावच वेगळं असेल तर मात्र दुरुस्ती करावी लागते. शहरात परिमंडळ कार्यालय, खेड्यात तहसीलची पुरवठा शाखा. तुमची कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते, त्यामुळे शहरातल्या खिडकीवर रांग लावून उपयोग नाही.

बाळाचं विचारतात म्हणून सांगते. नवजात बाळ कार्डात नसतंच. आईबापाचं कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला यावर होतं. काचेच्या पेटीतल्या बाळाला ठेवून बाप रेशन ऑफिसच्या रांगेत उभा असलेला पाहिलाय, कारण त्याला कुणीतरी आधी नाव चढवून आण म्हणून सांगितलं होतं.

आता तुमचं काम. आरोग्यमित्राकडे जा. तो भेटला नाही किंवा त्यानंच टोलवलं, तर दवाखान्यात उभं राहूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावा. कोण काय म्हणालं ते सांगा आणि तक्रारीचा नंबर घ्या. घरी जाऊन फोन करू नका, तिथूनच करा. फरक पडतो. वर जिल्हा समन्वयक आहेत, त्यांच्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती आहे. तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

चंद्रभागातीरी (दुपारी १:१५)

पंढरपूरहून. वडील ७६ वर्षांचे, पेन्शनर, पांढरं कार्ड. सत्तरीपुढच्यांना वेगळं कार्ड निघतं म्हणे, खरं का? का नुसता व्हॉट्सअ‍ॅप?

कंबर तलाव (१:४०)

खरं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड. आधारवरचं वय धरतात. घरातल्या बाकीच्यांना आधीच आयुष्मानचं संरक्षण असेल तर ज्येष्ठांना त्याशिवाय वर्षाला वेगळे पाच लाख. वडिलांना केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची वैद्यकीय सुविधा असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागते. आयुष्मान अ‍ॅपवर घरच्या घरी निघतं. बोटाचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून किंवा ओटीपीवर होतं. कार्ड फुकट आहे. सेवा केंद्रवाल्यानं 'लॅमिनेशन'च्या नावाखाली किती लावायचे ते मात्र त्याच्या बोहनीवर.

ज्वारीचं कणीस (३:२२)

मंगळवेढा. भावाला मोटारसायकलवरून जाताना ट्रॅक्टरनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. योजनेत झालं, पैसे लागले नाहीत. आधी अपघातग्रस्तांची योजना वेगळी होती, आता ती यातच घातली आणि रक्कमही वाढवली असं तिथं सांगितलं. चांगला अनुभव पण लिहावा म्हणून लिहिलं. शिव्याच वाचायला मिळतात नेहमी.

कंबर तलाव (३:५०)

हो, बाळासाहेब ठाकरेंच्या नावाची ती अपघात विमा योजना. तीस हजारांची मर्यादा होती ती एक लाख केली.

सीमेवरचा (सायंकाळी ५:०५)

अक्कलकोट तालुका, बहीण दिली आळंद भागात. तिच्याकडे कर्नाटकचं रेशनकार्ड. सिव्हिलमध्ये निम्मे पेशंट कन्नड बोलतात, त्यांचं काय होतं?

शेंगाचटणी (६:३०)

महात्मा फुले योजना महाराष्ट्राच्या कार्डावर. पण आयुष्मान भारतचं कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या रुग्णालयातही चालतं. तेव्हा बहिणीला तिकडचं आयुष्मान कार्ड काढायला सांगा, माहेरी आल्यावरही उपयोगी पडेल. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं आपली योजना लागू केली आहे, तुमच्या बहिणीचं गाव त्यात आहे का ते ग्रामपंचायतीत कळेल.

अक्कलकोट रोड (१७ जानेवारी, रात्री १०:१०)

आत्याची अँजिओप्लास्टी झाली. त्याच दवाखान्यात, योजनेतून, डिपॉझिट न भरता.

आरोग्यमित्र जिन्याखालच्या खोलीत बसतो. कार्ड बघितलं, नंबर टाकला, घरातली सगळी नावं दिसली. वारलेले सासरे पण दिसले, वर कुटुंबप्रमुख म्हणून. 'अम्मा'वर तो थोडा अडला, मग रेशन दुकानात आधार जोडलंय म्हटल्यावर पुढं गेला. मंजुरीची मागणी मात्र डॉक्टरकडून जाईना. "सर ऑपरेशनमध्ये आहेत", "सीडी सापडत नाही", "सर्व्हर डाऊन आहे". शेवटी ताईंनी सांगितलं तसं तिथंच उभं राहून फोन लावला, मुद्दाम जरा मोठ्या आवाजात. सीडी सापडली.

मंजुरी आली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. जेवण दवाखान्याचंच होतं. आत्या म्हणाली भात कच्चा आहे. म्हणजे तब्येत ठीक आहे.

डिस्चार्जच्या वेळी एसटीच्या भाड्याचं विचारलं. आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करायलोय. मग दिले.

हुरडा पार्टी (१०:१४)

कुंभारीचं एसटी भाडं! त्यात दोन कांदाभजी येतील. जबरदस्त.

मिल कामगाराचा नातू (१०:४०)

आत्या बऱ्या आहेत हे उत्तम. पण बघा, तुम्ही शिकलेले, तुमच्याकडे फोन, तुम्ही ताईंना विचारलं, तुम्ही मोठ्या आवाजात बोललात. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं काय झालं?

अक्कलकोट रोड (१०:५८)

शेजारच्या खाटेवर नीलमनगरची एक मावशी होती. तिच्या पोरानं आधीच पैसे भरले होते, फायनान्सकडून घेऊन. कार्ड पिवळं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. माझ्याकडे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही दादा.

गोळी सकाळ-संध्याकाळ (११:२०)

त्या पोराला तक्रार करायला सांगा. पावत्या असतील आणि उपचार योजनेतला असेल तर चौकशी होऊ शकते. पैसे परत मिळतीलच असं मी छातीठोक सांगणार नाही, कारण योजनेत नोंदणीच झाली नसेल तर रुग्णालय म्हणतं, हा आमच्याकडे रोखीचा पेशंट म्हणून आला. तिथंच मेख आहे. मूळ तक्रार हीच करायची की दारात फलक असताना पिवळ्या कार्डाच्या पेशंटला योजना सांगितली नाही.

आता आत्यांबद्दल, हे नीट वाचा. डिस्चार्जनंतरची औषधं योजनेतून दहा दिवसांची मिळतात. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात, पुढं एक कायमची. कोलेस्टेरॉलची वेगळी, बीपीची वेगळी. दहा दिवसांची पिशवी संपली की आपल्याकडची माणसं "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद करतात, किंवा एक दिवसाआड घेतात, म्हणजे पानं जास्त दिवस पुरतात. मग तोच स्टेंट गुठळीनं बंद होतो आणि पेशंट परत माझ्यासमोर येतो, या वेळी झटका घेऊन. दुसरी अँजिओप्लास्टी सरकार करून देईल. महिन्याच्या गोळ्यांकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. या योजनेतलं मला सगळ्यात न पटलेलं हेच आहे. मोठं ऑपरेशन सगळ्यांना दिसतं, गोळीचं पान कुणाला दिसत नाही.

जनऔषधी दुकानात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त पडतात. चिठ्ठीवर घटकाचं नाव लिहून मागा.

शेंगाचटणी (१८ जानेवारी, सकाळी ९:०५)

डॉक्टरांचं खरं आहे, आणि त्याला जोडून दुसरं टोक. ऑपरेशनच्या आधीचं पण योजनेत येत नाही. नुसती ओपीडी, नुसत्या तपासण्या, 'बघून घेऊ' म्हणून केलेला सीटी स्कॅन हे सगळं खिशातून जातं. निदान होईपर्यंतच माणूस सोनं गहाण ठेवतो. मग कळतं की उपचार फुकट आहे.

यावर एक रस्ता आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथं केसपेपरपासून सगळं मोफत आहे. पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय त्यात येतं. आपलं सिव्हिल मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाखाली आहे, मेडिकल कॉलेजचं, त्याला तो निर्णय लागू नाही. तिथं फी लागते, पण बाहेरच्या मानानं फारच कमी. एकदा निदान झालं की रिपोर्ट घेऊन योजनेच्या टेबलावर जा.

लेंगरे गल्ली (दुपारी १२:४४)

आमच्या वहिनीला योजनेत नसलेला आजार निघाला तर पर्याय काय? खरंच विचारतोय, धर्मादाय वगैरे ऐकलंय.

कंबर तलाव (१:३०)

दोन दारं आहेत. ट्रस्टच्या नावावर चालणारी धर्मादाय रुग्णालयं: कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रुग्णालयात धर्मादायचा समाजसेवक असतो, त्याला भेटा. "खाटा भरल्यात" म्हणाले तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज द्या, तिथं किती खाटा भरल्या ते तपासता येतं.

दुसरं, मुख्यमंत्री सहायता निधी. ठरावीक गंभीर आजारांना मदत, उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत. पैसे रुग्णालयाच्या खात्यावर जातात आणि अर्ज उपचार चालू असतानाच करावा लागतो. डिस्चार्ज झाल्यावर बिल घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. कॅन्सर असेल तर बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात आधी दाखवा, लोक मुंबईच्या गाडीत बसतात आणि बार्शी वाटेत सोडतात.

लेंगरे गल्ली (१:३६)

आभारी आहे काका. बार्शीचं डोक्यातच नव्हतं.

मिल कामगाराचा नातू (५:१८)

पुढच्या शनिवारी संध्याकाळी विडी घरकुलात एका ओळखीच्याच्या ओट्यावर बसतोय. ज्यांना कार्डाचा नंबर ऑनलाइन दिसतो का ते बघायचंय त्यांनी कार्ड आणि आधार घेऊन या. फोन माझा, नेट माझं. योजनेबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

शेंगाचटणी (५:२५)

मी येते.

हुरडा पार्टी (५:२७)

मी हुरडा आणतो. आणि आईचं कार्ड.

ज्वारीचं कणीस (१२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:५०)

धागा वर काढतोय. सप्टेंबरच्या नव्या निर्णयात उपचारांची संख्या २३९९ झाली म्हणतात. चुलत्यांना डायलिसिस सुरू आहे, आठवड्याला दोनदा. त्यात काही बदल झाला का? आणि मुख्यमंत्री निधीसाठी अजून मुंबईलाच कागद पाठवायचे का?

कंबर तलाव (९:४०)

संख्या बरोबर आहे, १३५६ वरून २३९९. डायलिसिस आधीही होतं, आताही आहे. सेंटर यादीत आहे ना तेवढं १५५३८८ ला विचारून घ्या, कारण याद्या बदलत असतात. मुख्यमंत्री निधीसाठी मुंबईला जायला नको. १ मे २०२५ पासून प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष उघडलाय, सोलापुरातच अर्ज होतो.

अक्कलकोट रोड (१०:१५)

आत्या बरी आहे. गोळ्या जनऔषधीतून चालू आहेत. विड्या पण चालूच आहेत, वळायच्या. सासऱ्यांचं नाव कार्डातून कमी झालं, 'अम्मा'चं पण झालं. ज्वारी भाऊ, डायलिसिसला जाताना चुलत्यांचा अंगठा मशीनवर उमटतो का ते आधी बघा. आमच्या आत्याचा विड्या वळून वळून गुळगुळीत झालेला, चेहऱ्यावरून करावं लागलं.